चौतीस मिलिमीटर

समजा, तुमच्यासमोर स्टीलच्या ट्रेमध्ये एक कलेजी ठेवली आहे. डुकराची, ताजी, सकाळीच आणलेली, दीड किलोच्या आसपासची. तिच्याखाली एक पत्रा आहे आणि पत्र्याला वायर जोडलेली आहे. शेजारच्या मशीनमधून निघालेली दाभणासारखी लांब सुई तुमच्या हातात आहे. ती कलेजीत बरोबर चार सेंटिमीटर खोल घालायची, कडेपासून लांब, मोठी शीर चुकवून. मग बटण दाबायचं आणि बारा मिनिटं नुसतं थांबायचं. वीज दिसत नाही. थोड्या वेळाने आतून बारीक चुरचुर ऐकू येते आणि वास सुटतो, एवढंच. बारा मिनिटं झाली की सुई काढायची आणि ती गेली त्या रेषेवर कलेजी उभी चिरायची. आत उकडलेल्या अंड्यासारखा फिकट गोळा दिसेल. त्याची रुंदी व्हर्नियरने मोजायची आणि वहीत लिहायची. झालं. आता हेच आणखी सात वेळा करायचं. उद्या पुन्हा आठ वेळा. परवाही.

हे कशासाठी, तर माणसाच्या यकृतात लहान गाठ झाली आणि पोट उघडून ती कापणं त्याला झेपणार नसलं, तर डॉक्टर बाहेरूनच अशी सुई गाठीत घालतात आणि ती आतल्या आत जाळतात. सगळी गाठ त्या फिकट गोळ्यात बसली पाहिजे, भोवतीची थोडी चांगली जागासुद्धा. एका बाजूने दोन-चार मिलिमीटर राहून गेले, तर तिथूनच ती पुन्हा धरते. म्हणून कुठलं मशीन केवढा गोळा जाळतं, हे माणसाच्या आधी कलेजीवर बघून घेतात.

ठाण्यात नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर हे बघून घेणारा माणूस म्हणजे सिरिल. वय अठ्ठावन्न, राहायला बाळकुमला. वडिलांची तिथे भातशेती होती. तिच्यावर आता अठ्ठावीस मजले उभे आहेत आणि त्यांतल्या एकाही मजल्यावर सिरिलच्या ओळखीचं कुणी राहत नाही. आयटीआय करून त्याने बावीस वर्षं ऑपरेशन थिएटरातली मशीनं दुरुस्त केली. ती कंपनी बंद पडली तेव्हा संचिताने त्याला बोलावून घेतलं. संचिता डोंबिवलीची, वय एकतीस, शिकलेली इंजिनिअर. यकृतातली गाठ जाळायचं मशीन इथेच, आपल्या हाताने बनवायचं हे तिने डोक्यात घेतलं होतं. तिला हात लागणार होते, आणि सिरिलचे हात स्थिर होते. त्या गोष्टीला चार वर्षं झाली.

या चार वर्षांत सिरिलने किती गोळे जाळले, ते वह्यांवरून मोजता येईल. लांब पुठ्ठ्याच्या वह्या, निळं पेन. चुकलेला आकडा तो कधी गिरवत नसे. त्यावर एकच आडवी रेघ, बाजूला बरोबर आकडा आणि खाली सही. संचिता म्हणायची, "अंकल, तुमची वही बघून कॉम्प्युटरला लाज वाटेल." तो हसायचा नाही. त्याला वासाचा कंटाळा आला होता. तो वास शर्टात बसायचा, केसांत बसायचा. नाताळात घरी सरपटेल शिजायचं, तेव्हा तो डुकराचं मटण तेवढं घ्यायचा आणि कलेजीचे तुकडे ताटाच्या कडेला सारायचा. बायको, बर्नाडेट, ते उचलून स्वतःच्या ताटात घ्यायची आणि म्हणायची, "बामण झालास नौपाड्यात जाऊन."

वास वरच्या मजल्यावरही जायचा. तिथे आसावरीबाई राहायच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. महिन्यातून एकदा तरी त्या जिन्यात थांबवायच्या.

"सिरिल, आज संकष्टी आहे हो."

"माहितीये मॅडम. चंद्रोदयाच्या आत आटपतो."

"आणि ते नेमकं असतं तरी कशाचं?"

"वैद्यकीय असतं मॅडम," सिरिल म्हणायचा. यापुढे त्याही विचारत नसत.

यंदा नोव्हेंबरात मोठी परीक्षा होती. संचिताचं मशीन बाहेरच्या दोन मशीनांशी ताडून बघायचं होतं. एक परदेशी, सुईच्या आतून थंड पाणी खेळवणारं. दुसरं, टोकाशी छत्रीच्या काड्यांसारख्या तारा उघडणारं. दोन्ही ओळखीच्या डॉक्टरांकडून उसनी आणलेली, एकेक आठवड्याच्या बोलीवर. म्हणजे तिन्ही मशीनं एकाच टेबलावर, एकाच कलेजीवर चालवण्याची सोय नव्हती. पहिला आठवडा परदेशी, दुसरा छत्रीवालं, तिसरा आपलं. रोज आठ गोळे, आठवड्याचे अठ्ठेचाळीस. आकडे चांगले आले तर डॉक्टरांची समिती संचिताच्या मशीनला पुढची पायरी देणार होती, जिवंत जनावरावरच्या चाचणीची. नाही आले तर चार वर्षांचं काम परत पहिल्या पानावर. संचिता हे बोलून दाखवत नसे, पण त्या दिवसांत ती डबा उघडून तसाच बंद करायची.

कलेजी यायची लिओनार्डकडून. बाळकुम गावठाणाच्या टोकाला त्याचं डुकराच्या मटणाचं दुकान होतं. सिरिल सहाला तिथे जायचा, कलेजी स्वतः निवडायचा, पिशवीत बंद करायचा, बर्फाच्या डब्यात ठेवायचा आणि रिक्षाने नौपाडा गाठायचा. लॅबमध्ये ती पिशवीसकट कोमट पाण्यात सोडायचा, म्हणजे ती अंगाच्या उष्णतेला येईल पण तिला पाण्याचा थेंब लागणार नाही. पहिले दोन आठवडे असेच गेले. परदेशी मशीनच्या गोळ्याची सरासरी रुंदी आली एकतीस मिलिमीटर, छत्रीवाल्याची तीस.

तिसऱ्या आठवड्याच्या आदल्या रविवारी त्याचा उजवा गुडघा सुजला. जिना उतरताना तो भिंत धरायला लागला, तसं बर्नाडेट म्हणाली, "सहाला मी जाते लिओनार्डकडे. तू आठला उठ आणि डबा उचल."

"कलेजी बघून घे. कापलेली नको, डाग नको."

"तीस वर्षं तुला मी न बघताच खायला घालते काय रे? तुला शिकवायचंय मला?"

सोमवारी त्याने डबा उघडला, तर कलेजी बघण्यासारखी होती. रक्ताचा टिपूस नाही, रंग उजळ. तो संचिताला म्हणाला, "लिओनार्ड सुधारला. बघ कसा माल दिलाय." त्या दिवशी पहिला गोळा चिरला आणि व्हर्नियर लावला. चौतीस. त्याने पुन्हा लावला. चौतीसच. दुसरा साडेतेहतीस, तिसरा चौतीसच्या वर. संचिता टेबलाच्या पलीकडे उभी होती. ती खुर्ची ओढून बसली, जशी माणसं खूप चालून आल्यावर बसतात.

आठवडाभर तेच चाललं. फक्त गुरुवारी घसरगुंडी झाली. गुरुवारचे आठही गोळे अठ्ठावीस-एकोणतीसच्या पुढे सरकले नाहीत. शुक्रवारी पुन्हा चौतीस.

शनिवारी दुपारी शेवटचा गोळा मोजून झाला. सिरिलने ट्रे धुतला, सुया उकळत टाकल्या आणि तो स्टुलावर बसला. संचिता लॅपटॉप घेऊन आली.

"अंकल, गुरुवारचे आठ आपण बाजूला काढू. त्या दिवशीची कलेजी खराब होती. चरबी जास्त असेल. तुम्ही वहीत तसा शेरा लिहा आणि सही करा. सोमवारी रिपोर्ट पाठवायचाय."

"खराब दिसत नव्हती."

"मग आठच्या आठ छोटे कसे आले?"

"ते मला माहीत नाही."

"अंकल, चाळीस एका बाजूला आहेत आणि आठ एका बाजूला. असं होतं. सगळीकडे काढतात."

तिचं बोलणं चुकीचं नव्हतं. सिरिलने पेन उघडलं. शेरा लिहायला दोन ओळी जागाही होती. मग त्याने पेन बंद केलं आणि म्हणाला, "सोमवारी सकाळी लिहितो. वही घरी नेतो." संचिताने त्याच्याकडे बघितलं. चार वर्षांत त्याने वही कधी घरी नेली नव्हती.

घरी खिडकीशी बसून त्याने तिसऱ्या आठवड्याची पानं उलटली. प्रत्येक गोळ्याच्या आधी मशीन एक आकडा दाखवतं, त्या कलेजीतून वीज जायला किती अडते याचा. सिरिल तो न चुकता लिहायचा, पण तिसऱ्या आठवड्यात त्याच्याकडे कुणी बघितलं नव्हतं. आपल्या सुईचं टोक जरा लांब, म्हणून आकडा कमी येणारच, असं संचिताने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आकडा यायचा सत्तर-बहात्तर. गुरुवारी मात्र सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, शंभर. सुई तीच, मशीन तेच, पत्रा तोच. बदलली होती ती फक्त कलेजी. आणि त्याला आठवलं, गुरुवारी बर्नाडेट कळव्याला गेली होती. तिच्या बहिणीच्या, प्रिसिलाच्या, सासऱ्याला जाऊन महिना झाला होता, त्याची चर्चमध्ये मिस्सा होती. त्या दिवशी लंगडत लंगडत लिओनार्डकडे तो स्वतः गेला होता.

बर्नाडेट स्वयंपाकघरात बोंबील साफ करत होती. तो दारात जाऊन उभा राहिला.

"बर्नी, कलेजी आणल्यावर तू काय करायचीस?"

"काय करणार? डब्यात ठेवायचे."

"त्याच्या आधी?"

"आधी धुवायचे."

सिरिलने दाराची चौकट धरली. "कशाने?"

"कशाने म्हणजे? मिठाच्या पाण्याने. रक्ताने माखलेली तशीच पाठवू? त्या पोरीच्या लॅबमध्ये, बामणांच्या बिल्डिंगमध्ये?" ती हात थांबवून त्याच्याकडे वळली. "आई करायची तशीच केलेली. मोठ्या शिरेच्या तोंडातून मीठपाणी सोडायचं, दाबून दाबून लाल पाणी काढायचं. साफ पाणी आलं की अर्धा तास मिठात बुडवून ठेवायची. मग निथळायची. पाचला उठून घरचं उरकायचे त्यासाठी. का? वास आला?"

"नाही. वास नाही आला."

"मग तोंड का असं झालंय?"

त्याला ओरडता आलं असतं तर बरं वाटलं असतं. पण पाचला उठून, थंड पाण्यात हात घालून, त्याच्या कामाची कलेजी घासणाऱ्या बाईवर काय म्हणून ओरडायचं? तो एवढंच म्हणाला, "मिठाच्या पाण्यातून वीज लवकर जाते, बर्नी. लांबवर जाते. गोळा मोठा होतो."

तिने बोंबील खाली ठेवला. "म्हणजे मी बिघडवलं?"

"मी तुला सांगितलं नव्हतं."

"पण बिघडलं."

"हो."

 ही गोष्ट जगात दोनच माणसांना माहीत होती आणि दोघं एकाच घरात होती. गुरुवारवर दोन ओळींचा शेरा लिहिला असता, तर संचिताचं मशीन पुढे गेलं असतं. कुणाला कळलं नसतं. फक्त एके दिवशी कुणी डॉक्टर वहीतल्या चौतिसावर विसंबून, मीठ न लावलेल्या माणसात सुई घालणार आणि गोळा एकोणतीसचा होणार. त्या पाच मिलिमीटरांत काय मावतं, हे सिरिलला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सोमवारी त्याने संचिताला सगळं सांगितलं. सांगताना तो उभाच राहिला.  शेवटी ती म्हणाली, "काकू रोज पाचला उठत होत्या?"

"हो."

"आणि मी म्हटलं, सुईचं टोक लांब आहे म्हणून." तिने लॅपटॉप मिटला. तिचे डोळे भरले नाहीत, आवाजही चढला नाही. त्यापेक्षा चढला असता तर बरं, असं सिरिलला वाटलं. मग ती म्हणाली, "खात्री करायची. एकच कलेजी, दोन भाग. अर्धी तशीच, अर्धी धुतलेली. आणि धुवायला काकूंना बोलवा. त्या धुतात तशीच धुतली पाहिजे."

बर्नाडेट मंगळवारी आली, मिस्सेला नेसायची ती साडी नेसून, घरचं खडं मीठ डब्यात घेऊन. लॅबमध्ये कुठे उभं राहायचं ते तिला कळेना. संचिताने तिला सिंकपाशी नेलं.

"काकू, किती मीठ घालता?"

"मूठभर."

"मूठभर म्हणजे?"

"मूठभर म्हणजे मूठभर गं. माझी मूठ." तिने मूठ भरून धरली. सिरिलने वजनकाटा पुढे सरकवला. अठ्ठावन्न ग्रॅम. तपेल्यात पाणी दोन लिटर. संचिताने कागदावर गणित मांडलं आणि म्हणाली, "रक्ताच्या तिप्पट खारट."

"चव घेऊन बघितलीस काय?" बर्नाडेटने विचारलं, आणि त्या महिन्यात संचिता पहिल्यांदा हसली.

बर्नाडेटने शिरेच्या तोंडाला नरसाळं लावून पाणी सोडलं, अंगठ्याने कलेजी दाबत दाबत लाल पाणी काढलं. तिचे हात सराईत होते, घाई नव्हती. सिरिल बाजूला उभा राहून बघत होता. याच हातांनी शिजवलेले कलेजीचे तुकडे त्याने चार वर्षं ताटाच्या कडेला सारले होते.

मग जाळणं सुरू झालं. चार गोळे धुतलेल्या अर्ध्यात, चार न धुतलेल्यात, आळीपाळीने. दीड-दोन तास. बर्नाडेट कोपऱ्यातल्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसून होती. संध्याकाळी वहीत आकडे उतरले. धुतलेली चौतीस, न धुतलेली एकोणतीस. उसन्या परदेशी मशीनची सरासरी एकतीस होतीच, आधीच्या वहीत, न धुतलेल्या कलेजीवरची. म्हणजे आपलं मशीन वरचढ नव्हतं. छत्रीवाल्याच्याही मिलिमीटरभर मागेच होतं.

"रिपोर्ट पाठवते," संचिता म्हणाली. "सगळे अठ्ठेचाळीस, आणि आजचे आठ. मिठासकट सगळं लिहिते. समिती या वेळी नाही म्हणेल."

"मग?"

"मग सुई नव्याने आखायची, तिच्या आतल्या थंड पाण्याची वाट मोठी करायची. परत जाळायचं. तुमचा गुडघा चालेल ना?"

सिरिलने हो म्हटलं. आणखी किती गोळे, हे त्याने विचारलं नाही. तो ट्रे उचलायला वाकला तेव्हा बर्नाडेट खुर्चीवरून उठून टेबलाशी आली. चिरलेले दोन्ही अर्धे शेजारी शेजारी पडले होते, एकात मोठा गोळा, एकात लहान.

"संचिता, एक विचारू? तू हसू नको."

"विचारा ना काकू."

"ही माझी खारट केलेली, म्हणून चूक. ती लिओनार्डची आळणी, म्हणून बरोबर. पण डुक्कर कापलं की त्याचं रक्त वाहून जातं ना? जिवंत असताना ती आळणी कुठे असते? बोट कापलं की चाखून बघ, रक्त खारटच लागतं."

 संचिता सावकाश म्हणाली, "बरोबर आहे काकू. पण जिवंत यकृतात रक्त वाहतं राहतं. ते उष्णता घेऊन जातं, गोळा लहान होतो. आणि अशा पेशंटचं यकृत बहुतेक वेळा आधीच घट्ट, चिवट झालेलं असतं. तिथे आणखी वेगळं."

"म्हणजे मोठा होतो की लहान?"

"माणसामाणसावर असेल. डॉक्टर नंतर स्कॅनवर बघतात. पण तो आकडा आपल्यापर्यंत येत नाही."

बर्नाडेटने मान हलवली आणि ती मिठाचा डबा पिशवीत भरायला लागली. तिचं समाधान झालं होतं की ती दमली होती, कळलं नाही. सिरिल मात्र ट्रे हातात धरून तिथेच उभा राहिला. बावीस वर्षं त्याने डॉक्टरांची मशीनं दुरुस्त केली होती आणि चार वर्षं कलेज्या जाळल्या होत्या. दाराच्या पलीकडे, टेबलावर झोपलेल्या माणसाच्या आत काय झालं, हे त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं, आणि त्यानेही विचारलं नव्हतं. त्याने ट्रे खाली ठेवला.

"संचिता, रिपोर्ट पाठवशील ना, त्यात माझ्याकडून डॉक्टरांना एक ओळ लिही."

"काय लिहू?"

त्याने वही उघडी ठेवून दोन आकड्यांवर बोट टेकवलं, एकोणतीस आणि चौतीस.

"लिही, की आमच्याकडे हे दोन आहेत. तुम्ही सुई घालता त्या माणसाच्या पोटात, बारा मिनिटांनी, तो गोळा खरा केवढा असतो?"